दोघांची चित्रं, दोघांचा फोटो: चित्रकार जोडप्याचे त्यांच्या घरी फोटो काढायचे असतील तर

बारा-तेरा वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या एका चित्रकार जोडप्याचे फोटो काढायला गेलो होतो. दोघंही निवृत्त चित्रकला शिक्षक. विद्यार्थ्यांच्या तोंडी ते ‘सर’ आणि त्या ‘बाई’, म्हणून मीही तेच म्हणायचो. सर ईझलसमोर बसलेले, मागे त्यांचं सिद्धेश्वर तलावाकाठच्या संध्याकाळचं मोठं तैलचित्र, आणि बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. उजेड चांगला होता, फोकस नेमका होता, चेहरे छान आले होते. १२ बाय १८ ची प्रिंट घेऊन गेलो. बाईंनी ती बराच वेळ पाहिली आणि एवढंच विचारलं, “यात माझं चित्र कुठाय?”

बाईंची जलरंगातली चित्रं आतल्या खोलीत कपाटावर गुंडाळून ठेवलेली होती. मी ती पाहिलीही नव्हती. माझ्या फोटोत एक चित्रकार होता आणि एक चित्रकाराची बायको होती. त्या दिवसापासून अशा जोडप्यांचे फोटो काढताना मी पहिला विचार बाईंच्या त्या प्रश्नाचा करतो. नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी पुढचं सगळं लिहितोय तेही त्याच प्रश्नाभोवतीचं आहे. लेन्स आणि शटरचं येईलच, पण ते त्याच्यामागून.

पहिल्या भेटीला कॅमेरा घरी ठेवा

पहिली भेट नुसती बघण्याची आणि बोलण्याची ठेवा. फोनवर वेळ ठरवताना नळाला पाणी कुठल्या दिवशी येतं हे आवर्जून विचारा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरातलं एक माणूस पिंप आणि टाक्या भरण्यात अडकतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते. त्या दिवशी गेलात तर निवांत एकच जण भेटेल आणि फोटोतही एकच जण निवांत दिसेल. जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे दिवस सोडून द्या. घरात पाहुणे असतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊपर्यंत काम संपेल असं बघा. त्यानंतर पंखा लावला तर कागद उडतात, बंद केला तर दोघं घामाने भिजतात.

घरी गेल्यावर दोघांची कामाची जागा वेगवेगळी दाखवायला सांगा. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत एकाला खोली असते आणि दुसऱ्याला कोपरा. ज्याला कोपरा आहे तो सहसा म्हणतो, “माझं काय, मी कुठेही बसते.” तिथे थांबू नका. “काल कुठे बसला होतात?” असं विचारा. मग खरी जागा कळते: स्वयंपाकघरातलं टेबल, गॅलरीतली चटई, देवघराशेजारची खिडकी. मला भेटलेल्या एक मावशी रात्री सगळं आवरल्यावर दिवाणावर पाट ठेवून त्यावर लघुचित्रं रंगवायच्या. तो पाट, त्यावरचे रंगांचे डाग आणि बाजूची ब्रश ठेवायची लोणच्याची बरणी हा त्यांचा स्टुडिओ होता. तो फोटोत यायलाच हवा होता.

वहीत तीन गोष्टी टिपा, आणि त्या दोघांकडून स्वतंत्रपणे विचारून टिपा. स्वतःचं कुठलं चित्र त्यांना सगळ्यांत जवळचं वाटतं. कुठलं चित्र फोटोत अजिबात नको, कारण ते अपुरं असेल, कुणाला देऊन टाकलेलं असेल किंवा त्यात कुणा ओळखीच्याचं व्यक्तिचित्र असेल. आणि कुठलं चित्र कुणाचं आहे. हे शेवटचं हास्यास्पद वाटण्याइतकं सोपं दिसतं, पण आडनाव एकच असलं की सहीवरून गफलत होते. बी. प्रभा आणि बी. विठ्ठल आठवा. त्या चित्रकार, ते शिल्पकार, आणि दोघांच्या नावाआधी एकच अक्षर. त्यांच्या कामात फरक तरी डोळ्यांना दिसतो. दोघंही ॲक्रिलिकमध्ये रंगवणारे असले तर भिंतीवरचं चित्र कुणाचं हे पाहुण्याला कळत नाही, आणि चुकीचं नाव छापलं गेलं की ते वर्षानुवर्षं तसंच फिरत राहतं.

निघण्याआधी परवानगी घेऊन फोनवर प्रत्येक खोलीचा एकेक साधा फोटो घ्या आणि होकायंत्र लावून खिडक्यांच्या दिशा लिहून ठेवा. चहा आला तर घ्या. चहा कोण करतं, बोलताना कोण कुणाचं वाक्य पुरं करतं, कोण दुसऱ्याचं चित्र दाखवताना जास्त खुलतं, हे सगळं पुढे कामाला येतं.

उजेड: इथला, आपल्या अक्षांशावरचा

चित्रकाराची खिडकी उत्तरेला असावी, तिथून थेट ऊन येत नाही, असं सगळीकडे सांगितलं जातं. युरोपातल्या स्टुडिओंसाठी ते बरंचसं खरं आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्चअखेर ते सप्टेंबर तो पूर्वेच्या थोडा उत्तरेकडूनच उगवतो आणि तसाच मावळतो. म्हणजे जूनमध्ये सकाळी आठला उत्तरेच्या खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी थेट कॅनव्हासवर पडू शकते. पावसाळी ढग असतील तर प्रश्न नाही, उलट तेव्हासारखा मऊ उजेड वर्षात दुसऱ्या वेळी मिळत नाही. उघडीप असेल तर मात्र पडदा लागणारच.

हिवाळ्यात उलटं होतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपास असतो. दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन खोलीत बरंच आत येतं आणि उत्तरेची खिडकी दिवसभर एकसारखी राहते. निवड करता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ ते अकरा, उत्तरेची खिडकी. नव्या माणसाला यापेक्षा सोपी वेळ मिळणार नाही.

जुन्या पेठांमधल्या धाब्याच्या घरांत भिंती जाड आणि खिडक्या लहान असतात. तिथे खोलीत काढायचा हट्ट धरू नका. चौक असेल तर दोघांना सोप्याच्या, म्हणजे चौकालगतच्या ओसरीच्या कडेला, सावलीत फूट-दीड फूट आत बसवा, तोंड चौकाकडे. वरून येणारा उजेड समोरून चेहऱ्यावर पडतो, डोळ्यांत चमक येते आणि मागे सोप्याची भिंत आपोआप थोडी गडद राहते. त्या भिंतीला चित्रं टेकवली की निम्मं काम झालं.

फ्लॅटमध्ये गॅलरीचं सरकतं दार हीच मोठी खिडकी. काच रंगीत असेल तर ती पूर्ण सरकवा, नाहीतर हिरवट किंवा तपकिरी छटा चेहऱ्यावर आणि चित्रावर दोन्हीकडे येते. ग्रिलच्या सावल्या पडत असतील तर दारावर पांढरं कापड लावा. जुनं, धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर यासाठी उत्तम. दुहेरी केलं की उजेड आणखी पसरतो. आपली सोलापुरी चादर या कामाची नाही. तिची वीण जाड असते आणि रंग उजेडात मिसळतो. मलमल विकत घ्यायची असेल तर मधला मारुतीच्या बाजारात कुठल्याही कापडवाल्याकडे तीन मीटर घेऊन ठेवा. तिथेच तेवढंच काळं कापडही घ्या, ते कशाला ते पुढे सांगतो.

खिडकीचा उजेड आत येईल तसा झपाट्याने कमी होतो. दोघांपैकी एक खिडकीशी आणि दुसरा खोलीच्या आतल्या बाजूला बसला, तर एकाचा चेहरा उजळ आणि दुसऱ्याचा अंधारा होतो. फोटो पाहणारा उजळ चेहऱ्याकडेच आधी बघतो. माझ्या त्या पहिल्या फोटोत बाई केवळ मागे नव्हत्या, खिडकीपासून दूरही होत्या. दोघांना खिडकीपासून सारख्या अंतरावर बसवा. जागेमुळे जमत नसेल तर आतल्या बाजूच्या माणसाजवळ, चौकटीच्या बाहेर, मोठं पांढरं कार्डशीट धरा आणि ते हलवत दोन्ही चेहरे जुळवा.

घरातले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि एलईडी बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की चित्राचा खरा रंग नंतर कशानेही परत मिळत नाही. ढगाळ संध्याकाळी दिव्यांवरच काम करावं लागलं तर सगळे दिवे एकाच जातीचे ठेवा आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. भलत्याच शटरवर चित्रावर आडवे पट्टे येतात.

भिंती आणि फरशीही उजेडाला रंग देतात. शाहाबादी फरशी करडी असल्याने फारसा त्रास देत नाही. लाल कोबा असेल आणि त्यावर ऊन पडत असेल तर दोघांच्या हनुवटीखाली आणि चित्राच्या खालच्या भागात लाली चढते. चौकटीबाहेरच्या फरशीवर पांढरं कापड अंथरलं की ती जाते.

चकाकीशी झटापट

नवा फोटोग्राफर सगळ्यांत जास्त इथे अडकतो. तैलरंगावर व्हार्निश असतं, जाड फटकाऱ्यांचे उंचवटे असतात, जलरंगांच्या चित्रावर काच असते. नियम एकच: उजेड ज्या कोनाने पृष्ठभागावर येतो त्याच कोनाने परत जातो. चित्राच्या जागी आरसा आहे अशी कल्पना करा. कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून त्या आरशात खिडकी दिसली असती का? दिसली असती तर फोटोत तिथे पांढरा डाग येणार. म्हणून चित्राच्या बरोबर समोर खिडकी असेल अशी जागा घेऊ नका. खिडकी चित्राच्या बाजूला हवी.

हे करूनही चकाकी उरली तर आधी चित्र हलवा. वरची कड इंचभर पुढे झुकवली तरी छताचं प्रतिबिंब निघून जातं. फ्रेमच्या मागे वरच्या बाजूला दुमडलेला कागद खोचला की पुरतं. चित्राला हात मात्र त्यांच्यातल्याच कुणीतरी लावावा, आपण नाही. तैलरंगाचा जाड थर वरून कोरडा दिसला तरी आतून अनेक महिने ओला असू शकतो.

काचेच्या चित्रात तुमचं स्वतःचं, पांढऱ्या शर्टाचं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. त्या दिवशी गडद कपडे घाला. काळं कापड इथे लागतं: दोन काठ्यांवर ते आडवं टांगा, मधे लेन्सपुरतं भोक ठेवा आणि त्यामागून फोटो घ्या. चित्रकार स्वतःहून काच काढून देत असेल तर त्याहून चांगलं काही नाही, पण तुम्ही मागू नका. कागदावरची चित्रं नाजूक असतात. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड ठेवत नाहीत, यावरून कल्पना येईल. उघडलेलं जलरंग चित्र उन्हाच्या पट्ट्यात क्षणभरही ठेवायचं नाही.

पोलरायझर फिल्टरवर नवे लोक फार विसंबतात. तो तिरप्या कोनातून दिसणारी चकाकी छान खातो, पण काचेच्या बरोबर समोर उभं राहिलात तर जवळजवळ काहीच करत नाही. शिवाय दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड घेतो. घरातल्या उजेडात तेवढा नेहमी परवडत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर बंदच ठेवा. तो चित्राच्या मधोमध पांढरा गोळा उमटवतो आणि मागच्या भिंतीवर दोघांच्या सावल्या चिकटवतो.

दोन माणसं आणि दोघांचं काम एका चौकटीत

बसवताना दोघांच्या डोळ्यांची उंची सारखी ठेवा. एक खुर्चीवर आणि एक मागे उभा ही लग्नाच्या अल्बममधली जुनी मांडणी आहे. तिच्यात बसलेला माणूस घरमालक वाटतो आणि उभा असलेला सोबतीला आलेला. दोघंही स्टुलावर, दोघंही जमिनीवर, दोघंही उभे, यातलं काहीही चालेल. गुडघे दुखत असतील तर जमिनीचा आग्रह नको. घरात कुणी चप्पल घालत नाही, त्यामुळे पाय अनवाणी असतील. ते झाकायची काहीच गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन जगभर अनवाणी पायांनीच ओळखले गेले.

मोठी अडचण आकाराची असते. एकाचं काम चार बाय पाच फुटांचं, दुसऱ्याचं वहीच्या कागदाएवढं. दोन्ही भिंतीला टेकवलीत तर लहान चित्र तिकीट होऊन जातं. त्याला कॅमेऱ्याकडे आणा. दीड मीटरवर हातात धरलेलं १२ इंची चित्र, तीन मीटरवरच्या २४ इंची चित्राएवढं दिसतं. ज्याचं चित्र लहान, त्याने ते मांडीवर किंवा हातात धरावं आणि पुढे बसावं. ज्याचं मोठं, ते मागे उभं राहू दे. मांडीवरचं चित्र थोडं वर झुकलं की छताचा उजेड त्यात चमकतो, तेवढं बघा.

डोक्याच्या मागे चित्रातलं काय येतंय हे दर वेळी तपासा. चित्रातली क्षितिजरेषा मानेतून जात असेल तर एक पाऊल बाजूला सरका. रंगवलेल्या झाडाची फांदी कानातून निघालेली नंतर फार खटकते. चित्राची सही एखाद्याच्या खांद्यामागे लपत असेल तर लपू देऊ नका. आणि हे लक्षात ठेवा: कॅमेऱ्याचा डोळे शोधणारा ऑटोफोकस व्यक्तिचित्रातल्या डोळ्यांवरही जाऊन बसतो. पडद्यावर सगळं ठीक वाटतं, घरी येऊन मोठं केल्यावर कळतं की चित्रातली आजी स्पष्ट आहे आणि समोरची माणसं मऊ. मागे व्यक्तिचित्र असेल तर फोकसचा बिंदू स्वतः निवडा.

तीन प्रकारचे फोटो घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. पहिला, दोघं आणि दोघांचं काम एकत्र. दुसरा प्रकार, प्रत्येकजण आपापल्या जागी काम करताना, आणि इथे दोघांना सारखाच वेळ द्यायचा. एकाबरोबर चाळीस मिनिटं घालवून दुसऱ्याला शेवटची पाच दिलीत तर ते फोटोत दिसतंच. तिसरा माझा सगळ्यांत आवडता: एकाने दुसऱ्याचं नवं चित्र बघायचं आणि त्याबद्दल मनापासून बोलायचं. साखर पेठेतल्या एका विणकर कुटुंबातल्या जोडप्याला मी हे करायला सांगितलं. घरात तेलुगू बोलतात. काका मागाची चित्रं काढायचे, काकू पदरांच्या नक्षीवरून अमूर्त रचना. काकूंनी काकांच्या कॅनव्हासवरच्या एका तांबड्यावर बोट रोखलं आणि पुढची दहा मिनिटं दोघं त्या तांबड्यावरून तेलुगूत भांडले. मला शब्द कळला नाही. पण बोट, वर गेलेली भुवई, काकांचा चष्मा काढून परत कॅनव्हासकडे जाणं, त्यात सगळं होतं. शेवटी काकांनी ब्रश काकूंच्या हातात दिला. त्या दिवशी जोडीने बसवून काढलेले फोटो चांगले होते, पण आज दोघांच्या हॉलमध्ये लागलेला फोटो हा आहे.

म्हणून बोलू द्या. “हसा”, “इकडे बघा” हे शब्द जितके कमी तितकं बरं. हातांना काम द्या: पॅलेट पुसणं, कागद ताणून पट्टी चिकटवणं, रंग कालवणं. मात्र खोटं काम नको. वाळलेल्या चित्रावर कोरडा ब्रश धरून बसायला सांगितलं की चित्रकाराचा हात लगेच अवघडतो, आणि चित्रकलेचं ज्याला थोडंही कळतं त्याला ते फोटोत ओळखू येतं. चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या बाईंचा फोटो मी काढत नाही, कितीही सुंदर उजेड असला तरी. तो फोटो अल्बममध्ये असला की छापणारा नेमका तोच उचलतो.

कपडे त्यांचे त्यांना ठरवू द्या, फक्त बारीक चौकडी किंवा बारीक रेघा टाळायला सांगा. त्या फोटोत लहरतात, आणि चित्रांच्या शेजारी डोळ्याला शांत कपडा लागतो. रंग लागलेला जुना शर्ट किंवा कामाची साडी असेल तर “यावरच राहू दे” असं म्हणा. बहुतेकांना ते ऐकून बरं वाटतं.

कॅमेऱ्याची मांडणी, थोडक्यात

फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ ते ५० मिमीची लेन्स, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ ते ३५. त्याहून रुंद लेन्स कडेच्या माणसाचा चेहरा ताणते आणि फ्रेम वाकवते. फोनवर काढत असाल तर अर्ध्या पटीची लेन्स विसरा, दुपटीची लावा आणि मागे सरका.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं लहान-मोठं होणारं छिद्र, ५.६ ते ८. अडीच मीटरवर ५० मिमीने फुल फ्रेमवर एफ २ लावलंत तर पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम फूटभर असतो. एक चेहरा थोडा मागे गेला की गेला. ५.६ वर तोच पट्टा पावणेतीन फुटांच्या आसपास होतो, पण त्यातला दीड फूटच माणसांच्या मागे असतो. चित्र त्याहून लांब टेकवलं असेल तर ८ वर जा. शटर १/१२५ च्या खाली शक्यतो नको. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० झाला तरी चालेल, थोडे दाणे परवडतात, हललेला चेहरा परवडत नाही. फाइल रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात घ्या. उजेड बदलला की दर वेळी एका फोटोत ग्रे कार्ड (रंग नंतर जुळवायला लागणारं करडं कार्ड) धरायला सांगा. ते नसेल तर निदान कोरा पांढरा ड्रॉइंग पेपर, तो त्या घरात हमखास असतो.

चित्रांच्या नुसत्या प्रती

घरी गेलोच आहोत तर “दोन-चार चित्रांचेही फोटो घ्या की” असं होतंच. प्रदर्शनाच्या पत्रिकेला, स्पर्धेच्या अर्जाला त्यांना ते लागतात. हे काम वेगळं आहे आणि त्याला वेगळा वेळ द्या, शक्यतो माणसांचे फोटो झाल्यावर.

चित्र उभं टेकवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर. कॅमेरा समांतर आहे का हे बघायला छोटा आरसा वापरा. तो चित्राच्या मध्याशी, चित्राला न टेकवता पण समांतर धरायला सांगा. व्ह्यूफाइंडरमध्ये स्वतःच्या लेन्सचं प्रतिबिंब आरशाच्या बरोबर मधे दिसलं की कॅमेरा सरळ आहे. काकांनी धरलेला दाढीचा आरसा यासाठी पुरेसा असतो. उजेडासाठी गच्चीवरची मोकळी सावली चांगली. चित्राला ऊन लागत नसावं आणि वारा नसावा, आपल्याकडे वाऱ्याबरोबर धूळ येते. आतच काढायचं असेल तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. चित्राच्या चारही कडा फोटोत येऊ द्या, कापायचं काम नंतर चित्रकाराला विचारून.

फोटो निवडताना, देताना आणि हक्कांबद्दल

निवड दोघांसमोर करा, दोघं एकत्र बसलेले असताना. एकट्या सरांना फाइल पाठवली की सर स्वतःला बरे दिसणारे फोटो निवडतात, आणि एकट्या बाईंना पाठवली की बाईही सरांना बरे दिसणारेच निवडतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता लॅपटॉप घेऊन स्वतः जातो.

रंगाची खात्री पडद्यावर करू नका. एक लहान प्रिंट काढून घरी न्या, मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरा आणि ज्याने ते रंगवलं त्यालाच विचारा. तांबडं जास्त झालं असेल तर तो पटकन सांगेल. १२ बाय १८ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयवर काढायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल. फोटो खूप कापला असेल तर हे आधी तपासा. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर ती बारीक होऊन जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हक्कांचं आधीच बोललेलं बरं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा असतो, आणि चित्र विकलं तरी लेखी दिल्याशिवाय तो विकत घेणाऱ्याकडे जात नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. त्यामुळे त्यांच्या चित्राचा फोटो कॅलेंडरवर किंवा मगवर छापायला तुम्हाला त्यांची परवानगी लागेल, फोटो तुम्ही काढला असला तरी. दुसरी बाजू अशी की पैसे देऊन कुणी तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक काढून घेणारा असतो. ते फोटो तुम्हाला स्वतःच्या कामाचे नमुने म्हणून दाखवायचे असतील तर ते आधीच कागदावर लिहून घ्या. साध्या मराठीत पाच ओळी पुरतात: कोणते फोटो, कशासाठी, कुठे दाखवायचे, नाव कसं छापायचं, आणि दोघांच्या सह्या. एकाची सही दोघांसाठी धरू नका. चित्रं दोघांची आहेत.

प्रत्येक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. दोघांची पूर्ण नावं, फोटोचं ठिकाण आणि तारीख. मग डावीकडून उजवीकडे फोटोत दिसणारं प्रत्येक चित्र: कुणाचं, नाव, माध्यम, साल, आणि माप इंचांत, उंची आधी आणि रुंदी नंतर. लिहिलेलं दोघांना वाचून दाखवा. प्रिंटच्या प्रती दोन काढा आणि एकेक दोघांच्या हातात द्या.